मीटरची काच : पुसण्याआधी डाग ओळखा

प्रश्न : आमची हॅचबॅक सात वर्षांची आहे. स्टिअरिंगमागे स्पीडोमीटरवर जी पारदर्शक काच असते, तिच्यावर पांढरट ढगासारखे डाग पडलेत आणि एका बाजूला ओघळ आलेत. करोनाच्या काळात हे रोज सॅनिटायझर मारून अख्खा डॅशबोर्ड पुसायचे. नंतर मी खिडक्यांच्या काचा पुसायचा निळा स्प्रे वापरून पाहिला, तर डाग उलट वाढल्यासारखे वाटतात. संध्याकाळी घोडबंदर रोडने घरी येताना तिरपं ऊन पडलं की काटा चाळिसावर आहे की साठावर, तेच कळत नाही. वॉशिंगवाला म्हणतो, अख्खं मीटर बदला. खरंच बदलावं लागेल का?
– एक वाचक, वाघबीळ, ठाणे

उत्तर : ताई, निदान या रविवारी तरी बदलू नका. मीटर बदललं की किलोमीटरचा आकडा बदलतो आणि पुढे गाडी विकताना घेणारा त्यावरून शंभर प्रश्न विचारतो. शिवाय तुमच्या मीटरला काहीच झालेलं नाही. झालंय ते त्याच्यावरच्या जेमतेम दोन मिलिमीटरच्या झाकणाला.

दुकानात मीही त्याला काचच म्हणते, पण ते अ‍ॅक्रिलिक नावाचं प्लास्टिक असतं, काही गाड्यांत पॉलिकार्बोनेट. अ‍ॅक्रिलिकमधून सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जातो, खिडकीच्या साध्या काचेपेक्षा कणभर जास्तच. दिसायला काच, पण अंगाने फार मऊ. काचेला चालणाऱ्या निम्म्या गोष्टी त्याला चालत नाहीत, आणि नेमक्या त्यातल्याच दोन तुमच्या घरात निघाल्या.

असं झाकण साच्यात गरम प्लास्टिक दाबून बनवतात. ते थंड होताना कोपऱ्यांत, वळणांवर, क्लिपांच्या मुळाशी ताण अडकून राहतो. वर्षानुवर्षं तो तिथेच असतो, कुणाला दिसत नाही. त्यावर अल्कोहोल पडलं की ते पृष्ठभागात शिरतं आणि तो अडकलेला ताण केसाहून बारीक भेगांच्या रूपाने बाहेर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने सॅनिटायझरची जी कृती दिली होती, तिच्यात ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, आणि हात कोरडे पडू नयेत म्हणून १.४५ टक्के ग्लिसरॉल. अल्कोहोल उडून जातं. ग्लिसरॉल मागे राहतं, आणि तुमच्या रस्त्यावर धुळीला काय तोटा! निळ्या स्प्रेमध्ये बहुतेक वेळा अमोनिया किंवा परत अल्कोहोलच असतं. अमोनिया पॉलिकार्बोनेटला अजिबात सोसत नाही.

म्हणजे तुमच्या काचेवर बहुधा दोन डाग एकावर एक बसलेत. वरचा चिकट थर आणि धूळ पाण्याने निघेल. खालच्या भेगा असतील तर त्या निघणार नाहीत. कुठला किती, हे धुतल्यावर कळेल, म्हणून आधी धुवायचं.

गाडी सावलीत लावा आणि आतून गार होऊ द्या. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या घरात जातो. त्यावर ओलं फडकं फिरवलं की पाणी तिथल्या तिथे वाळून नवे डाग देतं. काचेवर कोरडं फडकं लावायचंच नाही. सगळ्यात जास्त ओरखडे सॅनिटायझरने नाही, कोरड्या फडक्याने पडतात. पेट्रोल पंपावर मिळणारं ते पिवळं फडकं, वर्तमानपत्र, जुना बनियन, सगळं बाजूला ठेवा. आधी रबरी फुग्याने फुंकर मारून किंवा रंगकामाच्या मऊ ब्रशने धूळ सोडवा. कोरडं घासलं की प्लास्टिकवर विद्युतभार साठतो आणि आसपासची धूळ ते स्वतःकडे ओढून घेतं, म्हणून तर मीटर पुसून मिटलं नाही तोच परत मळतं.

पाणी नळाचं किंवा टँकरचं नको. पेट्रोल पंपावर ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून जे डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते घ्या. ते आम्लाचं नसतं ना, एवढं मात्र बाटलीवर वाचून घ्या, कारण काही दुकानदार दोन्ही बाटल्या एकाच फळीवर मांडतात. अर्धा लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पुरे. नवं मायक्रोफायबर फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा. काचेवर थेट पाणी मारू नका. ते कडेने खाली सर्किट बोर्डावर उतरतं आणि मग तुम्हाला खरोखरच मीटर बदलायची वेळ येते. फडकं काचेवर मिनिटभर नुसतं टेकवून ठेवा, थर मऊ होऊ द्या, मग एका दिशेने हळू ओढा. दर वेळी फडक्याची नवी घडी घ्या. शेवटी साध्या डिस्टिल्ड वॉटरचं फडकं फिरवा आणि दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्या, घासू नका.

ओघळाची पांढरी कड एवढ्याने नाही गेली तर तो क्षार असू शकतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्याने दोन मिनिटं टेकवा आणि लगेच स्वच्छ पाण्याने पुसा. इतकं सौम्य आम्ल अ‍ॅक्रिलिकला सोसतं. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर मात्र गाडीच्या आसपासही फिरकू देऊ नका. अ‍ॅसिटोन अ‍ॅक्रिलिकला विरघळवतंच.

आता परीक्षा. धुतलेल्या काचेवर ओलं फडकं फिरवा आणि मोबाइलचा टॉर्च अगदी तिरपा धरा. काच ओली असताना डाग नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत दिसायला लागला, तर ते वरवरचे बारीक ओरखडे. पाणी त्या खाचांत भरतं, म्हणून प्रकाश विखुरत नाही. हे पॉलिशने जातं. ओली असतानाही चंदेरी रेषा चमकत राहिल्या आणि टॉर्च हलवला की उजळत-विझत राहिल्या, तर त्या भेगा. त्यांच्यावर औषध नाही. पॉलिश केलं तर पेस्ट भेगांत जाऊन बसते आणि आधी रेषा चंदेरी होत्या, त्या पांढऱ्या होतात.

पॉलिशआधी आणखी एक बघायचं. काही मीटरच्या काचा मुद्दाम किंचित खरखरीत केलेल्या असतात, चकाकी मारू नये म्हणून. डाग नसलेल्या कोपऱ्यात टॉर्चचं प्रतिबिंब बघा. स्पष्ट ठिपका दिसला तर काच गुळगुळीत आहे. प्रकाश पसरट दिसला तर काच मुळातच मॅट आहे, आणि तिला पॉलिश केलंत तर मधोमध चकचकीत चट्टा पडेल, डागापेक्षा वाईट.

गुळगुळीत असेल तर प्लास्टिकसाठीचं पॉलिश आणा. पितळेची भांडी चमकवायचं नको, त्यात अमोनिया असू शकतो. कडेच्या काळ्या प्लास्टिकवर मास्किंग टेप लावा. हरभऱ्याएवढं पॉलिश फडक्यावर घ्या आणि बोटाने हलक्या दाबाने फिरवा. ड्रिलला गोल फोम लावून घासणारे व्हिडिओ बघू नका. अ‍ॅक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि मशीन एका जागी जरा थांबलं की घर्षणाने तेवढी उष्णता सहज येते. माझे वडील जांभळी नाक्यावर घड्याळं दुरुस्त करायचे. जुन्या एचएमटीच्या घड्याळांना अ‍ॅक्रिलिकचीच काच असायची, आणि तिच्यावरचे ओरखडे ते पेस्ट लावून बोटानेच काढत. बोट तापलं की थांबायचं, हा त्यांचा थर्मामीटर. मी पुढे आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड घेतला, वागळे इस्टेटमध्ये मीटर दुरुस्तीचं स्वतःचं टेबल मांडलं, पण काचेच्या बाबतीत अजून तेच करते. (गिऱ्हाईक आत डोकावून अजूनही विचारतं, “मिस्त्री कुठेत?”)

नखाला लागणारा खोल ओरखडा असेल तर पाण्याचा पॉलिश पेपर लागतो, पण तो काच गाडीत असताना अजिबात चालवू नका. आधी काच सुटी करायची, मग दोन हजार नंबर, मग तीन हजार, मग पॉलिश. दोन हजार नंबरच्या कागदाचा कण सुमारे दहा मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. तोही आधी काच पूर्ण दुधाळ करतो, आणि तिथे माणसं घाबरून अर्ध्यावर सोडतात. फक्त ओरखड्याएवढी जागा घासली तर तिथे खळगा पडतो आणि त्यातून आकडे वाकडे दिसतात, म्हणून सगळी काच सारखी घासायची. हात बसवायला नेमप्लेट बनवणाऱ्याकडून अ‍ॅक्रिलिकचा तुकडा मागून आणा. नौपाड्यात अशी दुकानं आहेत, कापून उरलेला तुकडा बहुतेक जण फुकट देतात. आधी त्याच्यावर ओरखडे काढा आणि घालवा.

काच सुटी करायचं काम माहितगाराकडूनच करून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायला सांगा. मीटर बाहेर असताना चावी फिरवायची नाही, काही गाड्यांत एअरबॅगचा दिवा पेटून बसतो आणि तो विझवायला स्कॅनर लावावा लागतो. काच निघाल्यावर काट्यांना कुणी हात लावता कामा नये. हल्लीच्या काट्याखाली टप्प्याटप्प्याने फिरणारी छोटी स्टेपर मोटर असते. काटा किंचित जरी सरकला तरी गाडी उभी असताना मीटर दहाचा वेग दाखवेल.

आणि भेगाच निघाल्या, तर फक्त काच मिळते का ते विचारा. काही मॉडेलांची सुटी मिळते. कंपनीकडे नसेल तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या मालात शोधता येते. तुमच्या गाडीचं मॉडेल आणि साल दोन्ही जुळलं पाहिजे, क्लिपांच्या जागा बदलतात.

प्रश्न : दसऱ्याला मुलाच्या नव्या गाडीची पूजा केली. सौभाग्यवतींनी भक्तिभावाने मीटरच्या काचेवरही हळदकुंकवाची बोटं ओढली. कुंकू पुसलं तर लाल पसरलं, हळदीचा पिवळेपणा जात नाही. शिवाय डॅशबोर्डवरच्या गणपतीची टेप सुटून त्याचा गोंद राहिलाय. मुलगा काही बोलत नाही, पण रोज ते बघतो.
– एक ज्येष्ठ वाचक, चरई, ठाणे

उत्तर : काका, हळदीची काळजी सोडा. तिचा पिवळा रंग कर्क्युमिनचा, आणि कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. साबणाच्या पाण्याने वरची पूड काढा, मग गाडी रोज थोडा वेळ तोंड उन्हाकडे करून लावा, डाग फिका होत जाईल. साबण लागताच हळद लालसर झाली तर घाबरू नका. अल्कली लागली की हळद लाल होते, कुंकू परंपरेने हळद आणि चुना मिळूनच करत. बाजारातल्या हल्लीच्या कुंकवात बहुधा कृत्रिम रंग असतो. तो ओला झाला की पसरतो आणि मऊ प्लास्टिकमध्ये थोडा मुरतोही. म्हणून कुंकू सांडलं तर आधी कोरडंच फुंकून किंवा ब्रशने झाडून काढायचं. आता मुरलेला लाल रंग साबणाच्या पाण्याने जेवढा जाईल तेवढा जाऊ द्या, उरलेला हलक्या पॉलिशने निघेल.

गोंदाला खोबरेल तेल. बोटाने लावा, तासाभराने बोटानेच गोळा करा, मग साबणाच्या पाण्याने तेल काढा. टेपचा फोम अजून चिकटलेला असेल तर जाड दोरा करवतीसारखा मागे-पुढे ओढून कापा. ब्लेड नको.

गणपती परत बसवताना मात्र जागा बघा. डाव्या बाजूला डॅशबोर्डवर ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ अशी अक्षरं असतील तर त्या झाकणावर काहीही चिकटवायचं नाही, देव असला तरी. अपघातात ते झाकण पापणी लवायच्या आत उघडतं आणि वरची वस्तू समोर बसलेल्याच्या तोंडावर येते. पुढच्या दसऱ्याला स्वस्तिक बॉनेटवर काढा. तिथे पत्र्यावर लॅकरचा कोट असतो, वेळीच धुतलं तर निघतं.

प्रश्न : नव्या गाडीच्या डिजिटल मीटरवर इंद्रधनुष्यासारखे निळे-जांभळे पट्टे दिसतात. पाम बीच रोडने सकाळी जाताना जास्त. किती पुसलं तरी जात नाहीत. शोरूमवाले म्हणतात, आम्हाला दिसत नाहीत.
– एक वाचक, सीवूड्स, नवी मुंबई

उत्तर : गॉगल काढून बघा! तुमचा गॉगल पोलराइज्ड असणार, म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश तेवढा आत सोडणारा. डिजिटल पडद्यातून येणारा प्रकाश आधीच पोलराइज्ड असतो. वरच्या प्लास्टिकमधल्या ताणाच्या पट्ट्या त्याला वेगवेगळ्या कोनांत वळवतात, आणि गॉगलमधून ते रंग होऊन दिसतात. पहिल्या उत्तरात ज्या अडकलेल्या ताणाबद्दल लिहिलं, तोच हा. शोरूमवाले खरं बोलताहेत, एकदा ऐकून घ्या त्यांचं. पुसणं आजपासून बंद.

प्रश्न : माझ्या स्कूटरच्या मीटरमध्ये पावसाळ्यात आतून वाफ धरते. मित्राने कडेने फेविक्विक लावून दिलं, तर आता काचेला आतून पांढरी झाक आलीय. वाफ आहेच.
– एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर : ती पांढरी झाक फेविक्विकचीच. त्या जातीचा गोंद सायनोअ‍ॅक्रिलेटचा असतो. सुकताना त्याची वाफ निघते आणि बंद जागेत ती जवळच्या पृष्ठभागावर पांढरी पूड होऊन बसते. पोलीस याच गुणाचा उपयोग करून बोटांचे ठसे उठवतात. तुमच्या मीटरमध्ये ठसे उठवायची गरज नव्हती, पण मित्र आहे, जाऊ दे.

मूळ दोष कडेच्या रबरी पॅकिंगमध्ये आहे. ते कडक होऊन आखडतं. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी थेट मीटरवर मारलं की ते आत घुसतं. मीटर उघडून घ्या. काच निघाली की आतली झाक आधी कोमट साबणाच्या पाण्याने आणि मग हलक्या पॉलिशने काढता येईल. बहुतेक ठिकाणी ती वरवर असते. मीटर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात रात्रभर ठेवून कोरडं करा. हेअर ड्रायर लावू नका, काच वाकते. नवं पॅकिंग मिळालं तर उत्तम. नाहीतर सिलिकॉन लावायचं, पण न्यूट्रल जातीचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं आणि आतलं तांबं खातं. काही मीटरना मागच्या बाजूला हवा जायला मुद्दाम ठेवलेलं छोटं भोक असतं, उत्साहाच्या भरात ते बुजवू नका. पावसाळ्यात सकाळी जराशी वाफ दिसून इंजिन चालू केल्यावर गेली, तर तिच्या मागे लागू नये. थेंब साचून खाली ओघळत असतील तेव्हाच मीटर उघडायचं.

प्रश्न : आम्ही काही जण पहाटे येऊरला फिरायला जातो. माझ्या गाडीत टचस्क्रीनच्या कडेच्या चकचकीत काळ्या पट्टीवर बोटांच्या आकाराचे मळकट ठसे उमटलेत. हाताला लागतात, पण पुसून जात नाहीत.
– एक वाचक, वसंत विहार, ठाणे

उत्तर : येऊरला डास आहेत, म्हणजे हाताला क्रीम लावत असणार. मागची बाजू वाचा. त्यात डीट (डास पळवणारं रसायन) असेल तर तेच कारण. डीट कातडीला चालतं, पण बऱ्याच प्लास्टिकना विरघळवतं. घड्याळांच्या प्लास्टिकच्या काचा त्याने खराब झालेल्या मी बघितल्या आहेत. ठसे हाताला लागतात म्हणजे पृष्ठभाग खाल्ला गेलाय, पुसण्याच्या पलीकडची गोष्ट. पट्टीवर हलकं पॉलिश करून बघा, ७०-८० टक्के लपेल. ते पॉलिश पडद्यावर मात्र जाऊ देऊ नका, तिथला चकाकी रोखणारा कोट एकदा निघाला की परत लावता येत नाही. पडद्यावर टेप लावून मगच हात घाला. उन्हाची क्रीमही यात मागे नाही. क्रीम लावल्यावर हात धुवा, मग स्टिअरिंग धरा.

प्रश्न : हेडलाइट पिवळे पडलेत. टूथपेस्टने साफ होतात असं सगळे म्हणतात. करू का?
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : करा, उजळतील, आणि काही महिन्यांत परत पिवळे होतील. हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेटची असते आणि तिच्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा कोट असतो. पिवळेपणा आला म्हणजे तो कोट उतरायला लागलाय. टूथपेस्टमधली बारीक पूड पिवळा थर घासून काढते, पण त्याबरोबर उरलासुरला कोटही जातो. काम बाहेर करून घेणार असाल तर घासून झाल्यावर यूव्ही क्लिअर कोट मारणार का, हे आधी विचारा, आणि तो मारताना समोर उभे राहा. नुसतं पॉलिश करून चमकवून देतो म्हणाला तर त्यापेक्षा घरची टूथपेस्ट स्वस्त.